गुलखैरा यादीत कसा आला

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझ्या अक्षरातला एक कागद दीड वर्ष होता. त्यावर झाडांची नावं होती. त्यातलं एक नाव तिथं यायला नको होतं, आणि एक यायला हवं होतं ते आलं नव्हतं. दोन्ही चुका माझ्या. त्या कशा झाल्या ते क्रमानं सांगते.

आमचं गाव डोणगावपासून थोडं आत, मेहकर तालुक्यात. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा शेती पाहतो. चार एकर काळी जमीन. सोयाबीन, तूर येते-जाते, पण पऱ्हाटी दर वर्षी. कपाशीचं झाड उभं असलं तरी आमच्याकडे त्याला पऱ्हाटीच म्हणतात आणि वाळून चुलीत गेलं तरी पऱ्हाटीच.

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. दोनशे पानी वही, समास आखलेला, पानांवर आकडे. किराणा, शाळेच्या आहाराची भांडी, फवारणीच्या तारखा, लग्नाला कोणाकडून काय आलं, सगळं त्यात. खाडाखोड मला चालत नाही; चुकलं तर मी पान पुन्हा लिहिते. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, "तुह्या यादीत माहा नंबर कितवा हाय?" मी सांगितलं, दुरुस्तीच्या कामांत बघा.

आमच्या घराला लागून आपांचं घर. मधे कमरेएवढी भिंत. आपा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. गावात त्यांना सगळे आपाच म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. त्यांचे वडील गावचे अत्तार होते, म्हणजे जडीबुटी आणि काढ्याच्या पुड्या विकायचे. ते गेल्यावर दुकान आपांनी चालवलं. दुकान म्हणजे ओट्यावरची लाकडी पेटी आणि आठवडी बाजारात अंथरायची एक चादर.

भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्या अंगणात, दर वर्षी गुलखैरा असायचा. शहरातल्या बागांत त्याला हॉलीहॉक म्हणतात आणि शोभेला लावतात. माणसाच्या उंचीचा सरळ दांडा, भेंडीसारखी खरखरीत पानं, आणि दांड्याला खालपासून वरपर्यंत फुलं. फूल जास्वंदीच्या घडणीचं, पण पसरट, आणि पाकळी चुरगाळून पुन्हा उलगडलेल्या पातळ कागदासारखी. आपांकडचा रंग काळसर जांभळा. एखाद्या झाडाला दुसरा रंग आला तर त्या त्याला बी धरू देत नसत. कोजागिरीच्या आसपास बी टाकायचं, फेब्रुवारी-मार्चात फुलं, एप्रिलात बी. डब्यात बिस्किटं उभी लावावीत तशा चपट्या बिया गोलाकार एकीला एक लागून असतात.

ही फुलं सावलीत सुकवून जोशांद्यात घालायची. जोशांदा हा सर्दी-खोकल्याचा काढा. ज्येष्ठमध, वाळलेली उन्नाबची बोरं, आणखी चार वस्तू आणि गुलखैरा. बाकी सगळा माल बाहेरून यायचा. गुलखैऱ्याचं बी तेवढं घरचं, वडिलांनी त्यांच्या तरुणपणी बऱ्हाणपूरहून आणलेलं. दर वर्षी पेरलं आणि दर वर्षी राखलं म्हणून ते टिकलं होतं. आपा हे फार सांगत नसत. पण पेटीतली एखादी डबी उघडताना म्हणत, "हे दुकानाचं," आणि गुलखैऱ्याची उघडताना म्हणत, "हे अब्बाचं."

शिकवून शिकवून माझा घसा दर डिसेंबरला बसतो. तो बसला की भिंतीवरून पुडी यायची, उर्दू वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, वर पांढरा दोरा. मी त्यांचे निराधार योजनेचे, रेशनचे अर्ज भरून द्यायची. असं आमचं वीस वर्षं चाललं होतं.

बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी संपली असं सगळ्यांना वाटलं, आणि काही वर्षं ते खरंही होतं. मग गुलाबी बोंडअळी परत आली. तिची अडचण अशी की बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. फोडलं की आत कापूस पिवळा, कुजका, आणि मधे अळी. असे दोन हंगाम लागोपाठ गेले. वेचायला आलेल्या बाया बोंडाला हात लावून तशाच पुढं सरकायच्या. दुसऱ्या हंगामानंतर माझ्या शाळेच्या पटावरची पाच नावं कमी झाली. घरं कुलूप लावून पुण्याकडे आणि सुरतेकडे गेली होती. पटावर कारणाचा रकाना असतो. त्यात मी 'स्थलांतर' लिहिलं.

त्या फेब्रुवारीत पंचायतीनं बैठक बोलावली. तालुक्याहून कृषी सहायक आला, तरुण, नीट बोलणारा. टिपणं घ्यायला मला बसवलं, कारण अक्षर. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, शेवटची वेचणी झाल्यावर पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची नाहीत, म्हणजे फरदड घ्यायची नाही. दुसरी, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग घराजवळ, बांधावर ठेवायचे नाहीत, कारण वाळक्या बोंडांत अळी झोपून राहते. तिसरी, कपाशीच्या भावकीतली झाडं आसपास ठेवायची नाहीत, हंगाम नसताना कीड त्यांच्यावर दिवस काढते. भावकी हा त्याचाच शब्द. त्यानं आणलेल्या बॅनरवर त्या झाडांची चित्रं होती: भेंडी, अंबाडी, जास्वंद, गुलखैरा, पेटारी, रानभेंडी.

पहिल्या मुद्द्यावर विहीरवाले गप्प बसले. दुसऱ्यावर मागून आवाज आला, "पऱ्हाटी जाळून टाकली तं भाकरी कायवर भाजाव? तुमचं बॅनर चुलीत घालाव का?" सगळे हसले, कृषी सहायकही हसला. त्यावर पुढच्या बैठकीत बघू असं ठरलं. राहिला तिसरा मुद्दा. त्यात कोणाचं फारसं काही जाणार नव्हतं, म्हणून तो लगेच मंजूर झाला आणि उपटायच्या झाडांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

मी नावं वाचत गेले आणि प्रत्येक नावाला कोणीतरी उभं राहिलं. अंबाडी म्हटल्यावर एक म्हातारे म्हणाले की अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर नसली तर ते ताटावर बसत नाहीत, त्यामुळे आधी त्यांच्या जेवणाची सोय सांगा. भेंडीवाल्यानं सांगितलं, त्याची अर्धा एकर भेंडी मेहकरच्या बाजारात जाते, ती उपटायची तर पहिले त्याला उपटा. जास्वंद मी वाचलीच नाही. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. माझ्या दारची जास्वंद रोज सकाळी गणपतीला जाते. ती उपटायची नसते हे मला इतकं गृहीत होतं, की समोर बॅनरवर चित्र असून माझी नजर त्यावरून पुढच्या ओळीवर गेली.

मग पेटारी आणि रानभेंडी. तण, त्यांची बाजू कोण घेणार. मग गुलखैरा.

"कोणाच्या घरी हाय तो?" सरपंचांनी विचारलं.

"आपाच्या."

"मंग एकच घर हाय. लिहा."

आपा त्या दिवशी बाजाराला डोणगावला गेल्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तर कोणी अडवलं नसतं. पण मी लिहीत होते, आणि मला त्याच दिवशी कागद भिंतीवर लावायचा होता. तीन नावं, खाली 'आठ दिवसांच्या आत', अक्षर मोठं, शाईचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं वाळत घालत असताना आपा भिंतीशी आल्या.

"बाई, पंचायतीत कागद लागला, त्याच्यावरचं अक्षर तुमचं हाय ना?"

मी हो म्हटलं.

"लई साजरं हाय. दुरून वाचता येते."

मी बोंडअळीचं सगळं सांगितलं, बॅनरवरचंही सांगितलं.  त्यांनी विचारलं की उपटायला कोणी येणार आहे की त्यांनीच उपटायचं. मी म्हटलं, घाई नाही, निदान बी धरू द्या, एप्रिलपर्यंत कोण बघतंय.

"कागदावर आठ दिवस लिहेल हायेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी उपटलं. मी शाळेला निघाले होते. तीसेक झाडं, सगळी फुलावर. मुळं एका बाजूला करून त्यांनी ती अंगणात ओळीनं मांडली होती, पेटीत वस्तू मांडावी तशी. मी म्हटलं, फुलं तरी तोडून घ्या. त्या म्हणाल्या, कागदावर झाड लिहिलं आहे, फुलं वेगळी काढा असं लिहिलेलं नाही. मग तिथंच अंगणाच्या कोपऱ्यात ढीग करून पेटवला. ओली झाडं नीट जळत नव्हती, दुपारी मी परत आले तेव्हाही धूर होता.

माझ्या वहीत तीच यादी होती. गुलखैऱ्यापुढं मी बरोबरची खूण केली.

आमच्या घरामागं त्याच महिन्यात पऱ्हाटीचा ढीग लागला होता. तो दर वर्षी मी स्वतः उभी राहून लावून घ्यायची. सगळी मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, पेंड्या मोजून, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. गावात एवढा नीट ढीग दुसऱ्या कोणाचा नसायचा. बाया येता-जाता म्हणायच्या, ढीग पाहावा तर बाईचा. आंघोळीचं पाणी आणि दोन्ही वेळच्या भाकरी, पावसाळा संपेपर्यंत त्याच्यावर. गॅस फक्त चहाला. तो ढीग आपांच्या ओट्यावरून पूर्ण दिसत असे.

मे महिन्यात कृषी सहायकानं सापळे वाटले. सापळा म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं. वर मादी पतंगाच्या वासाची गोळी, खाली लांब पिशवी. नर वासानं येतो आणि पिशवीत पडतो. मला तीन मिळाले. दोन शेतात लावले. पीक अजून नव्हतंच, पण आधीपासून मोजलं तर पुढं फरक कळेल असा माझा हिशोब. तिसरा माळ्यावर पडून राहण्यापेक्षा घरामागच्या कडुनिंबाला टांगला. वहीत तीन रकाने आखले. शेतातली पिशवी नवरा पाहून यायचा, घरची मी पाहायची, दात घासता घासता.

शेताचे दोन्ही रकाने शून्यानं भरत गेले. घरचा रकाना दोन, चार, तीन, सात असा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पिशवीत एकोणीस पतंग होते. बारीक, राखाडी, बोटावर घेतले तर पावडर उरते असे.

मी आधी भिंतीपलीकडे पाहिलं. सवयीनं. मग आठवलं की तिथं तीन महिन्यांपासून गुलखैरा नव्हता. जळालेल्या जागेवर आपांनी पुदिना लावला होता.

मग मी वळून ढिगाकडं पाहिलं. ताडपत्री वर करून एक पेंडी ओढली. फांद्यांवर न उमललेली वाळकी बोंडं होती, त्यांना आम्ही कवड्या म्हणतो. एक फोडली. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. नखानं वेगळ्या केल्या तर मधे वळून बसलेली अळी, जिवंत, गुलाबी. मी वीस कवड्या मोजून फोडल्या. नऊमध्ये अळी तरी होती, नाहीतर पतंग निघून गेल्याचं भोक.

वही काढून फेब्रुवारीतल्या बैठकीचं पान पाहिलं. दुसरा मुद्दा माझ्याच अक्षरात होता. त्याच्याखाली मी रेघसुद्धा मारलेली होती.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो उकिडवा बसून बराच वेळ एक कवडी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला की ढीग सगळ्यांच्याच घरी आहेत. मी म्हटलं, पहिला आपला काढू.

"अन् पावसाळाभर चुलीत काय घालशीन? वही?"

मी म्हटलं, गॅसवर करीन, भाकरी थोड्या जाड होतील. त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. चार खेपा झाल्या. नाल्याच्या पलीकडं नेऊन, वारा नसताना, दुपारच्या आत सगळं जाळलं. पेरणीच्या घाईत असलेली माणसं थांबून पाहत होती. एकानं विचारलं, "काऊन बाई, यंदा होळी जूनमंदी हाय का?" मी म्हटलं, हाय, तुमच्याकडची लाकडंही आणा. त्यानं आणली नाहीत.

सापळ्यातला आकडा लगेच शून्यावर आला नाही. आजूबाजूला ढीग होतेच. पण चार दिवसांत तो निम्म्याखाली आला, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

त्या रविवारी मी आपांकडे गेले. भिंतीवरून बोलण्याची ही गोष्ट नव्हती, म्हणून रस्त्यानं फिरून त्यांच्या दारातून गेले. सोबत वही. त्या ओट्यावर बसून ज्येष्ठमधाच्या काड्या निवडत होत्या. मी रकाने दाखवले. शेतात काय, घरी काय, कवड्या किती फोडल्या, ढीग कधी जाळला. शेवटी सांगितलं की गुलखैरा उपटायला लावण्यात माझी चूक झाली, अळी माझ्या ढिगात होती.

त्यांनी चष्मा लावून रकाने बोटानं वरून खाली पाहिले. चौथीपर्यंत त्या मराठी शाळेतच होत्या.

"हे पतंगाचं मले माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट त्याच दिवशी माहीत होती. तुमच्या दारची जास्वंद कोण्या खानदानाची हाय, बाई?"

मी म्हटलं, "कपाशीच्याच."

"अन् अंबाडी?"

"तीही."

"अब्बा म्हणत, पान चोळून पाहाव. ज्याले लुआब सुटते ते सगळे एका खानदानाचे. गुलखैरा, भेंडी, जास्वंद, तुमच्या शाळेमागची ते पेटारी, सगळ्याइचं पान बुळबुळीत. त्याच्यानंच घसा नरम होते. मंग बाई, एवढ्या मोठ्या खानदानातून माहा एकटाच काऊन काढला?"

मी बैठकीत काय झालं ते सांगितलं. अंबाडीवाले, भेंडीवाले. आणि जास्वंद मी वाचलीच नाही, हेही.  आपा काड्या निवडत राहिल्या. मी विचारलं, बी आहे ना?

"बी हाय. मागच्या साली धरेल. बी ठेवल्याबिगर कोणी राहते का?"

"मग कोजागिरीला पेरा."

"नाही पेरत."

बी आणखी एखादं वर्ष उगवेल, त्यानंतर सांगता येत नाही, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. मी तेच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे.

"कागद अजून भिंतीवर हाय. तुमच्या हातानं नाव लिहेल हाय, तुमच्या हातानं काढा. मंग पेरीन."

मी म्हटलं, उद्याच नवा कागद लावते.

"नवा नाही. नव्या कागदानं जुना कोणी लिहेल होता ते कोणाले समजन? त्याच्यावरच काढा."

घरी आल्यावर लक्षात आलं की मी कागद लगेच खोडू शकत नाही. तो पंचायतीच्या ठरावाचा होता. आणि दुसरं म्हणजे, गुलखैरा निर्दोष आहे असं लिहिणं खोटं झालं असतं. मी कृषी सहायकाला फोन करून विचारलं. त्यानं सांगितलं की भावकी ती भावकीच, कीड त्यावर राहू शकते. पण अंगणातली तीस झाडं रोज डोळ्याखाली असतात. आठवड्यातून एकदा कळ्या पाहिल्या, किडकी फांदी काढली तर ती उपटायची गरज नाही. ढिगाच्या आत कोण पाहतं? खरं म्हणजे तुम्ही दुसरा मुद्दा आधी घ्यायला हवा होता, असं तो संकोचत म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे लिहिलेला आहे.

पुढची बैठक ऑगस्टमध्ये झाली. मी वही घेऊन उभी राहिले आणि रकाने वाचून दाखवले. सरपंच म्हणाले, एका घरच्या फुलासाठी ठराव बदलायचा का. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईले आपानं काढा पाजलेला दिसते."

"दर हिवाळ्यात पाजतात," मी म्हटलं. "यंदा मिळणार नाही. फुलं आपण जाळली."

त्यावर काही जण हसले. मग मी म्हटलं की ज्यांना गुलखैरा यादीत ठेवायचा आहे त्यांनी अंबाडी, भेंडी आणि माझी जास्वंदही आज संध्याकाळपर्यंत उपटावी, मी स्वतः जास्वंदीपासून सुरुवात करते. अंबाडीवाले म्हातारे लगेच म्हणाले, राहू द्या बाई, खोडून टाका. ठराव बदलला.

मी लाल पेन घेऊन गेले. उन्हानं कागद पिवळा पडला होता, एक कोपरा सुटला होता. गुलखैऱ्यावर आडवी रेघ मारली. खाली जागा कमी होती, म्हणून समासातून वर चढत लिहावं लागलं. अंबाडी, भेंडी, जास्वंद, गुलखैरा: उपटू नये, आठवड्याला तपासावे. पऱ्हाटीचे ढीग: मे महिन्याआधी गावाबाहेर. आणि शेवटी, 'पहिला ढीग यादी लिहिणारीचा होता.' ओळी वाकड्या गेल्या. शाळेतल्या एखाद्या मुलानं असा कागद आणला असता तर मी परत लिहायला लावला असता. तो तसाच पुढं वर्षभर भिंतीवर राहिला.

आपा तो पाहून आल्या की नाही हे मला माहीत नाही.  कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज आला. मी डोकावले. त्या बी टाकायला आळी करत होत्या. पुदिना एका बाजूला सरकवला होता.

"बाई," त्या न पाहता म्हणाल्या, "आठवड्याले तपासाव लिहेल हाय. कोण तपासन?"

"मी येईन. दर रविवारी."

"मंग पहिले तुमची जास्वंद, मंग माहा गुलखैरा. दोघीनं मिळून."

मी वहीत रविवारचं पान आखलं. दोन रकाने, जास्वंद डावीकडे.

पंचवीस आळ्यांत बी टाकलं होतं. उगवली अकरा. बी जुनं झालं होतं. आपा मात्र रोज सकाळी मोकळ्या आळ्यांनाही पाणी घालत होत्या, महिनाभर तरी. डिसेंबरात माझा घसा नेहमीसारखा बसला. पुडी आली नाही, यायचं कारणच नव्हतं. मी फळ्यावर लिहून शिकवलं आणि मिठाच्या गुळण्या केल्या. एकदा भिंतीपाशी मला खोकताना ऐकून आपा म्हणाल्या, "अद्रक घाला चहात," आणि आत गेल्या.

त्या वर्षी बोंडअळी आली का, तर आली. कमी आली की नाही हे मी एका शेतावरून सांगणार नाही. सत्तर-ऐंशी घरांपैकी नऊ घरांनी पुढच्या उन्हाळ्याआधी ढीग हलवले. ती नावं माझ्याकडे आहेत. विहीरवाल्यांनी फरदड घेतलीच. आमच्या शेतात बोंडं फोडल्यावर आत पांढरा कापूस दिसण्याचं प्रमाण मागच्यापेक्षा बरं होतं, एवढं नवराही मान्य करतो.

फेब्रुवारीत अकरापैकी दहा झाडांना काळसर जांभळी फुलं आली. एकाला फिकट गुलाबी आलं, ते आपांनी बी धरण्याआधीच काढलं. त्या महिन्यातला एक रविवार वहीत आहे. आपा रस्त्यानं फिरून माझ्या दारात आल्या, चष्मा लावून. मी जास्वंदीच्या कळ्या वरून पाहून 'काही नाही' लिहायला घेतलं होतं.

"ते पांढरं काय हाय?" त्यांनी विचारलं.

खालच्या फांदीच्या बेचक्यात, पानाच्या देठाशी, पीठ सांडल्यासारखं काहीतरी होतं. पिठ्या ढेकूण. मी रोज सकाळी त्याच झाडाचं फूल तोडत होते, वरचं.

"आता काय करता? उपटता?"

"नाही. फांदी कापायची, साबणाच्या पाण्यात बुडवायची, मग जाळायची."

"अन् माह्या झाडाले निघालं तर?"

"तेच करायचं."

"मंग लिहून ठेवा."

मी डाव्या रकान्यात तारीख टाकून लिहिलं: जास्वंद, पिठ्या ढेकूण, एक फांदी, आपांनी पाहिलं. कात्री आणली, फांदी कापली, बादलीत साबणाचं पाणी केलं. आपा फांदी पूर्ण बुडेपर्यंत उभ्या राहिल्या. मग आम्ही रस्त्यानं फिरून त्यांच्या अंगणात गेलो आणि पहिल्या झाडापासून सुरुवात केली.